पाय नसलेला मारुती

माझा थोरला भाऊ नरहर हैदराबादेत नारायणगुड्यातल्या एका मराठी शाळेत ड्रॉइंग मास्तर होता. पायाला भिंगरी. जेवताना दोनदा उठायचा, बोलता बोलता जिना उतरून जायचा आणि उरलेलं वाक्य रस्त्यावरून ओरडून पुरं करायचा. वहिनी म्हणायची, "यांना खुर्ची दिली तर खुर्चीच दमेल."

हा माणूस स्थिर बसायचा तो एकाच गोष्टीपुढे. लढाईच्या काळात सिकंदराबादच्या छावणीतल्या गोऱ्या शिपायांनी वाचून टाकलेली चित्रांची पुस्तकं रद्दीत यायची. त्यातलं एक दादानं आणलं होतं. विजारीवर चड्डी घातलेला, पाठीवर लाल कापड सोडलेला कुणी पैलवान त्यात आभाळात उडायचा. मला तो बहुरूपीच वाटला. दादाला मात्र त्या चित्रकारानं वेड लावलं होतं. कव्हर फाटलेलं, त्यामुळे त्याचं नावही ठाऊक नाही.

"इंदू, ही मूठ बघ. डोक्यापेक्षा मोठी काढलीय, तरी खोटी वाटत नाही. कारण तो आपल्याकडे येतोय! आपले देव सगळे भिंतीला पाठ लावून उभे. हा कागदातून बाहेर पडतो बघ."

अठ्ठेचाळीस सालचा भाद्रपद आला. निजामाच्या बाजूच्या रझाकारांच्या लॉऱ्या घोषणा देत रस्त्यावरून जायच्या. गल्लीतली निम्मी घरं कुलूप लावून सोलापूरकडे गेली होती. पद्मावती वहिनीचं माहेरही सोलापूरचं. तिनं गाठोडं बांधून दाराशी आणून ठेवलं होतं. दादा म्हणे, "गणपतीचा पडदा झाला की निघू."

गल्लीचा गणपती एकनाथराव वकिलांच्या ओसरीत बसायचा आणि त्याच्यामागचा पडदा दरवर्षी दादा रंगवायचा. यंदा त्याला मारुती काढायचा होता, आणि तोही त्या परदेशी चित्रकाराच्या धर्तीवर, समोरून झेपावणारा. "एकदा जमू दे," म्हणायचा, "मग कुठंही न्या मला."

वहिनी भडकली. "तुमच्या त्या चड्डीवाल्यापायी आम्ही इथं मरायचं का?" पडदा लावला होता त्या खोलीत ती पाऊलही टाकायची नाही. खरं सांगायचं तर मला तिचंच पटत होतं. जीव मुठीत धरून जगणाऱ्यांनी चित्रं काढत बसावं, हे खूळ नाही तर काय? पण शाळेत शिकवून घरी आले की मी आधी त्याच खोलीत डोकवायची.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी एकनाथराव पडदा बघायला आले. चष्मा वर केला, खाली केला, जवळ जाऊन वाकले.

"नरहर, देवाचे पाय कुठं आहेत?"

"मागं आहेत, काका. समोरून येतोय ना, म्हणून अंगामागं झाकलेत."

"मग लोकांनी माथा कुठं टेकायचा? बिनपायाचा देव आपल्यात चालत नाही. नक्को रे बाबा! उद्यापर्यंत पाय काढ, नाहीतर पडदा राहू दे."

माणूस चांगला, पण कोर्टात असल्यासारखा निकाल देऊन गेला.

दादाच्या फेऱ्या सुरू झाल्या. खोलीतून न्हाणीघर, न्हाणीघरातून खोली. पाय काढले की चित्र मेलं, हे त्याला कळत होतं. मारुती पुन्हा भिंतीला चिकटणार. शेवटी म्हणाला, "उरल्यासुरल्या लोकांना देव हवाय, माझी हौस नको." त्यानं ब्रश रंगात बुडवला. मला भडभडून आलं. त्या पडद्याची एवढी माया मला कधी लागली, कोण जाणे.

तेवढ्यात वहिनी तणतणत आली. "अजून काय करायलाव? सगळी गल्ली—" तिनं उंबरठ्यावर पाय ठेवला, मान वर केली आणि झटकन डोकं बाजूला घेऊन दाराला टेकली. हात तोंडापुढे. काहीतरी अंगावर आल्यासारखी.

दादाचा ब्रश हवेतच थांबला. त्याचा चेहरा असा उजळलेला मी त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता.

वहिनी लाजली. पदर सावरून हळूहळू पडद्यापुढे गेली आणि त्या भल्यामोठ्या मुठीवर तिनं कपाळ टेकलं. रंग ओलाच होता, कुंकवाच्या वर शेंदरी डाग उमटला.

"पाय नका काढू," ती म्हणाली. "पाय दिसले म्हणजे तो उभा राहिला. हा अजून यायलाय. आता याला सोडून कुठं जायचं?"

दादा भिंतीशी बसला आणि लहान मुलासारखा रडला. वहिनी दाराशी जाऊन गाठोड्याच्या गाठी सोडायला लागली. पडदा आता घरातच राहणार होता, आणि आम्हीही.

बाहेर लॉरीचा आवाज आला. मारुती येत होता हे खरं, पण अजून पोचला नव्हता. मी उठले आणि दाराची कडी लागली आहे ना, ते पुन्हा एकदा बघून आले.