स्टॉपचं बटण आणि दादाचा हात

थोरला भाऊ गेला. त्याच्या पुण्यानुमोदनाला आलेली माणसं काल परतली. घर शांत झालं आहे. त्याचा हात सारखा आठवतो, म्हणून लिहायला बसलो.

विद्यापीठाच्या नामांतराच्या त्या हिवाळ्यात दादा परभणीजवळच्या एका जिनिंग कारखान्यात वायरमन होता. मी डिप्लोमा करून तिथंच नवीन लागलो होतो. मालकानं नवी कंट्रोल यंत्रणा आणली होती. पूर्वी प्रत्येक मशीनच्या बटणांपासून पॅनेलच्या खोलीपर्यंत तारांचा जुडगा यायचा. आता प्रत्येक मशीनजवळ बटणांचा एक डबा बसणार होता आणि सगळ्या डब्यांना मिळून एकच केबल. प्रत्येक डब्याला आतल्या चकतीवर एक नंबर द्यायचा आणि कोणत्या नंबरचा डबा कोणत्या मशीनचा, हे कॉम्प्युटरवरच्या एका फाइलमध्ये लिहायचं. ती फाइल करायला पुण्याहून माणूस येणार होता, पण एसटी बंद पडल्या आणि तो अडकला. कापसाच्या गाड्याही थांबल्या. मालक म्हणाले, पुस्तक आहे, तूच कर.

मी ड्रॉइंग समोर ठेवून एकेक डबा फाइलमध्ये उतरवला. शेडमध्ये चकत्या फिरवायचं काम दादाचं. केबल जोडली, तसे पडद्यावर सगळे डबे दिसू लागले. एकही चूक दिसत नव्हती. मला फार बरं वाटलं.

दादा मात्र म्हणाला, "आधी सगळे पट्टे काढा. मोटारी रिकाम्या फिरू द्या."

जिनवरचे मिस्त्री हसले. "का वो वायरमन, सख्ख्या भावावर भरोसा न्हाई का?"

"भरोसा हाय की. पन रुई अडकल्यावर हात तुमचा जातो आत. स्टॉप दाबलं की हीच मशीन थांबली पायजे. बाकी काय बी होऊ द्या."

मोटारीवरून मशीन फिरवणारे पट्टे काढले आणि मोटारी सुरू केल्या. मिस्त्रींनी शेडच्या उगवतीच्या टोकाला जाऊन तिथल्या मशीनचा स्टॉप दाबला. तिची मोटार घुमतच राहिली. पार मावळतीला, पॅनेलच्या खोलीजवळची मोटार मात्र हळूहळू थांबली.

"लय भारी!" मिस्त्री तिकडून ओरडले. "चिमटा हिला काढला अन् रडायलीय ती!"

मी धावत गेलो. दादाला विचारलं, "ह्या डब्याला कोणता नंबर दिलास?"

"एक."

"ड्रॉइंगमध्ये एक नंबर पॅनेलजवळून सुरू होतो, दादा."

"आसंल. पन एक नंबर हीच हाय."

"खंडेनवमीला पयला नारळ हितंच फुटतो," मिस्त्री म्हणाले. "मग एक नंबर तिकडं कशी जाईल?"

आमच्या घरात ती पूजा होत नसे. पण त्या दिवशी दादा पॅनेलपाशी उभा राहायचा. ज्या मशीनला हार घालायची पाळी येई, तिचा करंट तो आधी बंद करायचा. नारळ दुसऱ्यांचे असले तरी तो क्रम त्याच्याही अंगवळणी पडला होता.

"डब्यांचे नंबर बदलू का, बारक्या? घडीभराचं काम हाय," तो म्हणाला.

मी नको म्हटलं. उद्या कुणी 'तीन नंबर बंद करा' असं ओरडलं, तर शेडमधली माणसं उगवतीकडून तिसऱ्या मशीनकडंच धावणार होती. ड्रॉइंग कुणी बघणार नव्हतं. मी खोलीत जाऊन फाइलमधला क्रम उलटा केला, तोच ड्रॉइंगवरही पेन्सिलीनं लिहिला.

पुन्हा एकेक बटण दाबून पाहिलं. ज्या मशीनचं दाबावं तीच थांबत होती. मग पट्टे चढवले. मिस्त्री पुढं सरले, तसं दादानं त्यांना दंडाला धरून मागं ओढलं.

"थांबा. पयला मी."

त्यानं स्टॉप दाबला. रोलर पूर्ण थांबेपर्यंत वाट बघितली. मग आत हात घालून रुईचा पुंजका ओढून काढला आणि शेडच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या मला हात वर करून दाखवला.

शेवटच्या दिवसांत दवाखान्यात त्याला बोलवत नव्हतं. मी त्याचा तोच हात हातात घेऊन बसायचो. आयुष्यभर तारांत आणि मशीनींत वावरलेला हात, पण पाचही बोटं शाबूत होती.