लाभाचा खडा

गिताबाईला आकडे येतच न्हाईत असं न्हाई. विसापर्यंत येतात, पुढं ती 'एक ईस, दोन ईसा' करत जाते. पण माणसं ती आकड्यानं मोजत न्हाई. जिता माणूस मोजला की नजर लागते, असं तिचं म्हणणं. घोड नदीच्या काठाला उसातलं पाचट काढायला ती बायांची टोळी नेते. सकाळी उसात शिरताना प्रत्येकीनं जर्मनच्या पातेल्यात एक खडा टाकायचा, सांजच्याला बाहेर आली की एक उचलायचा. ऊस डोक्याच्या वर गेलेला, आन् आत वाघरू. तिच्यापुढं बिबट्या हे नाव घ्यायचं न्हाई.

सगळ्यांच्या आधी एक खडा ती स्वतः टाकते. धान्य मापताना पहिल्या मापाला एक न म्हणता लाभ म्हणतात, तसा हा लाभाचा खडा. तो कुणी उचलत न्हाई. रिकामं भांडं तिला बघवत न्हाई. तवा पातेल्यात एकच खडा उरला, म्हंजी उसात कुणी उरलं न्हाई.

तिची नात दीक्षा कारेगावच्या कंपनीत जाते. तिनं मागं आजीला छेडलं होतं.

"आज्जे, फार पूर्वी बॅबिलोनची माणसं काय नसलं की नुसती जागा सोडायची. वाचणारा फसायचा. मग त्यांनी तिथं खूण घातली. आपल्याकडं तर शून्याचाच आकडा केला. न्हाई तेबी मोजायचं."

"मंग माझा खडा काय येगळा हाय व्हय?"

"येगळाच. तुझं न्हाई म्हंजी एक! घोटाळा हुईल एखाद्या दिवशी."

"तुज्या जिभेला काय हाड!"

परवा गिताबाईचा गुडघा सुजला. ती शिरूरला दवाखान्यात गेली, सकाळी पातेलं दीक्षानं धरलं. लाभाचा खडा तिनं टाकलाच न्हाई. पातेलं रिकामं झालं की सगळ्या बाहेर, सरळ हिशोब. दुपारी आजी आली, नात दुसऱ्या पाळीला पळाली. सांगायचं ऱ्हाऊन गेलं.

दिवस कलला. बाया निघाल्या, खडे उचलले. गिताबाईनं वाकून बघितलं. एक खडा.

"चला गं, बसा!"

दोन टेम्पो भरले. पुढच्यातल्यांना वाटलं टोळीतली सुलक्षणा मागच्यात हाय, मागच्यातल्यांना वाटलं पुढच्यात.

हमरस्त्याला लागता लागता दीक्षाचा फोन आला.

"आज्जे, झालं का पातेलं रिकामं?"

"ते कवा रिकामं हुतंय? लाभाचा खडा ऱ्हातोच की."

"मी तो टाकलाच नव्हता."

गिताबाईनं टेम्पोच्या टपावर जोरात हात आपटला.

बांधाला परत आले तवा ऊस काळा पडला होता. वारं न्हाई, तरी मधल्या सरीत पाला हलला.

"सुलक्षणे! ए सुलक्षणे!"

मग आतनं दबलेला आवाज आला.

"वरडू नका, मावशी. माझ्या आन् तुमच्या मधी बसलंय ते."

टेम्पोवाल्या दत्तानं हॉर्नवर हात ठेवला आन् न दाबताच काढून घेतला. दाबला तर ते कुणाच्या अंगावर जाईल, कुणाला ठाव.

"पाठ दावू नगंस," गिताबाई हळू आवाजात म्हणाली. "हुभी ऱ्हा. मी हितंच हाय."

पाला पुन्हा हलला. ह्या खेपंला सुलक्षणाच्या बाजूला.