अर्धी वीट

मी जनावरांचा डॉक्टर. टोकावड्याजवळच्या वीटभट्टीवर एक बाई गाढवीचं तोंड धरून उभी होती. गाढवीनं मेलेलं पिल्लू टाकलं होतं, पण पिल्लामागून पडणारी वार पडेना, म्हणून बाईनं वारेला अर्धी वीट बांधली. ओझ्यानं वार तुटली, उरलेली आत कुजली. मी हात घालून घाण काढली, गर्भाशय धुतलं आणि चिडून म्हणालो, "जगेल, पण पुन्हा गाभण राहणार नाही!"

बाईनं विटेवरचं रक्त पदरानं पुसलं आणि वीट थप्पीवर नीट लावली.

"माजी वार पन सासूनं अशीच ओढलेली, डॉक्टर. परत दिवस गेले नाय, तवा नवऱ्यानं टाकलं. माज्या भावाला सांगू नका. तो हिला विकल."

भाऊ आल्यावर मी म्हणालो, "गाभण राहील पुढच्या साली."

बाईनं वर पाहिलंच नाही.