पाठ करून उभं राहण्याचे गुण

ब्रह्मपुरीच्या एका कॉलेजात मी मानसशास्त्र शिकवते आणि माणसाचं निसर्गाशी नातं कसं असतं यावर संशोधन करते. म्हणजे छापील प्रश्नावली घेऊन गावोगाव हिंडते. ‘जंगलात गेल्यावर माझं मन प्रसन्न होतं’, या वाक्याला एक ते पाच गुण द्यायचे. पोंभुर्ण्याकडच्या एका गावात मोहफुलं वेचणाऱ्या बाईनं एकच गुण दिला.

"भेव वाटते जी. प्रसन्न कायचं?"

माझ्या कागदावर ती निसर्गापासून सगळ्यांत लांब गेली. मी तशी नोंदही करून मोकळी झाले.

तिच्या वाट्याचं मोहाचं झाड जंगलात आत होतं. दरवर्षी ती आणि तिची जाऊ मिळून जायच्या. एकीनं वाकून वेचायचं, दुसरीनं तिच्याकडे पाठ करून, जंगलावर नजर ठेवून उभं राहायचं. वाकलेलं माणूस वाघाला जनावर वाटतं. मागच्या हंगामात गावातलीच एक बाई एकटी वेचायला गेली, ती परत आली नाही. यंदा जाऊ तेलंगणात मिरची तोडायला गेलेली, आणि इकडे फुलं पडून वाया चाललेली. ही एकटीच निघाली होती. मी म्हटलं, मी येते. हौस दांडगी.

"निस्त्या उभ्या राहाजा मॅडम. अन् मोठ्यानं बोलत राहाजा," तिनं बजावलं.

उजाडल्यावर आम्ही झाडाखाली पोचलो. थोडा वेळ मी बडबडले. तेवढ्यात मागून ती झाडालाच रागावताना ऐकू आली, "यंदा कमी काऊन देऊन राह्यला रे?" संशोधकाला आणखी काय हवं? मी पिशवीतून वही काढली, उकिडवी बसले आणि लिहायला लागले.

टोपली आपटल्याचा आवाज आला. ती माझ्यासमोर उभी होती.

"दोघीबी वाकल्या तं पाहीन कोण? घरी दोन पोरी हायेत माह्या!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिची भीती मी कागदावर केव्हाच उतरवली होती. माझ्यात ती त्या क्षणी उतरली.

परतताना तिनंच मला गुण दिला. "तुमाले पाचातून एक."

जाऊ येईपर्यंत मी कॉलेजातून रजा काढली. वही गावातच ठेवून रोज गेले. पाठीमागे टोपलीत फुलं पडत, मग आवाज थांबे. मी उभी आहे ना, हे ती मान वळवून बघतेय, हे मला कळायचं. त्याचं वाईट वाटायचं, पण तक्रार कुठल्या तोंडानं करणार? गुण दोनावर आले, मग तिनावर अडकले.

शेवटच्या दिवशी मी नागपूरच्या उन्हापासून माझ्या सासूबाईंपर्यंत सगळ्यांवर बोलले. मागे फुलं टोपलीत पडत होती. आवाज एकदाही थांबला नाही.

त्या दिवशी परतताना मी गुण विचारायचे विसरले.