अण्णांनी कापलेला पाइप

गेल्या शनिवारी आमच्या धायरीच्या सोसायटीत, भर पार्किंगमध्ये माझी परीक्षा झाली. परीक्षक माझे सासरे, अण्णा.

झालं असं, की बुलढाण्याला आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. नवरा सहा महिन्यांसाठी परदेशात ऑनसाइट... मग मीच ठरवलं, लेकीला घेऊन आपणच गाडीने जायचं. रोज ऑफिसला धायरी ते खराडी चालवतेच की. पण सलग आठ तास, एकटीने, कधीच नाही.

मंगळवारी अण्णांना सांगितलं. कारखान्यात जन्मभर फोरमन, बोलणं मोजूनमापून. एवढंच म्हणाले, "आधी चाकं बघू." ही 'नको'चीच प्रस्तावना, असं समजून मी चार दिवस फुगून बसले.

शनिवारी सकाळी मला टायरवाल्याकडे नेलं. माझ्या लेखी टायरची देखभाल म्हणजे पंपावर हवा आणि दसऱ्याला झेंडूचा हार. अण्णांनी मला बसू दिलं नाही, प्रत्येक कामापाशी उभं केलं.

सरळ रस्त्यावरही गाडी डावीकडे ओढत होती, म्हणून अलाइनमेंट. ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरायचं, म्हणून बॅलन्सिंग... त्यात रिमला एक इवलंसं वजन लावतात. आमच्या गाडीचे पुढचे टायर जास्त झिजतात, म्हणून ते मागे आणि मागचे पुढे, हे रोटेशन. आणि हवा तपासायची ती टायर थंड असताना.

"स्टेपनीत हवा कधी भरली होतीस?" अण्णांनी विचारलं. चार वर्षांत एकदाही नाही. ऑफिसात बॅकअप नीट चालतो की नाही हे बघण्याचाच पगार घेते मी...

घरी आल्यावर अण्णा पार्किंगमध्ये प्लास्टिकची खुर्ची टाकून चहा घेऊन बसले. "पुढचं चाक पंक्चर झालंय असं समज. बदल."

मी उत्साहाने आधी जॅक लावून गाडी उचलली आणि मग पाना घेतला. नट राहिला जागच्या जागी, चाकच फिरायला लागलं.

"छान. जत्रेतला पाळणा झाला," अण्णा बशीत चहा ओतत म्हणाले. "खाली घे. नट आधी ढिले करायचे, गाडी नंतर उचलायची."

खाली घेतली. आता चाक फिरेना आणि नटही हलेना. दुकानात ते मशीनने आवळतात. मी पान्यावर चढून उभी राहिले, तरी ढिम्म. पहिल्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून बघत होत्या आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "जाऊ द्या अण्णा, बसने जाते मी."

अण्णा उठले, डिकीतून एक लोखंडी पाइप काढला आणि पान्याच्या दांड्यावर चढवला. "आता दाब."

दांडा लांब झाल्यावर नट मुकाट्याने सुटला. मग बाकीचेही सुटले. पाइपच्या टोकाला लेकीच्या जुन्या सायकलची गुलाबी मूठ बसवलेली होती.

"हात सोलवटतील म्हणून," अण्णा म्हणाले. "आणि लांबी तुझ्या वजनाच्या अंदाजाने ठेवलीय. मंगळवारीच कापून आणला."

मंगळवारी... म्हणजे मी रुसून खोलीत गेले, तेव्हा अण्णा पाइप कापायला बाहेर पडले होते. मला इतकी लाज वाटली, की उरलेलं काम मी मान खाली घालूनच केलं.

परवा बुलढाण्याला सुखरूप पोचले. वाटेत पाइपला हात लावायची वेळ आली नाही. दारात गाडी लावली आणि अण्णांचाच फोन आला. कशी आलीस, थकलीस का, असलं काही नाही.

"चारही टायरना हात लावून बघ. एखादा जास्त तापला असेल तर सांग, त्यात हवा कमी असणार."

आई दारात भाकरतुकडा घेऊन उभी, आणि मी फोन कानाला लावून गाडीभोवती वाकत फिरतेय. चारही टायर सारखेच कोमट होते.

"सारखेच आहेत, अण्णा."

"मग ठीक," ते म्हणाले. आणि फोन ठेवता ठेवता, "येताना पण तूच चालव."