तिच्या शेजारची सीट

विमानात बसल्यावर पट्टा लावायच्या आधी ती शेजाऱ्याकडे अख्खी वळायची. नुसती मान नाही, खांद्यांसकट. आणि विचारायची, "घरी चाललात की घरून?" विचारायची इंग्रजीतच, पण त्या इंग्रजीला नागपूरचा असा काही सूर होता की समोरच्याला उत्तर दिल्याशिवाय राहवायचं नाही.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. तुम्हाला त्यांचं कौतुकही वाटलं असेल. माझा मात्र नुसता जळफळाट व्हायचा.

आम्ही दोघी अमेरिकेत, सिॲटलजवळच्या बॉथेलमधल्या एकाच कंपनीत होतो. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये चालणारं सॉफ्टवेअर आम्ही तपासायचो आणि त्यासाठी दर थोड्या दिवसांनी कुठल्या तरी शहरातल्या क्लायंटकडे जावं लागायचं. ती माझ्यापेक्षा जरा मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणायचे.

इथे प्रवासात शेजारचा माणूस हमखास विचारतो, "मग, तुम्ही काय काम करता?" या प्रश्नाने मला अजूनही धडकी भरते. मी म्हणायचे, "लॅब सिस्टिमचं व्हॅलिडेशन करते." "ओ, इंटरेस्टिंग!" असं म्हणून तो माणूस कानात हेडफोन घालायचा. त्याच विमानात, दोन रांगा पुढे, ताईला कोणीतरी तेच विचारत असायचं. ती सांगायची, "एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर जाऊ नये, एवढं बघते." झालं! त्या माणसाच्या सासूचा रिपोर्ट कधीतरी बदललेला निघायचा. उतरेपर्यंत ती सासू, तिचं कुत्रं, तिचं दुसरं लग्न, सगळं ताईला ठाऊक झालेलं असायचं.

काम तेच, हुद्दाही तोच. म्हणून एकदा मी तिचं वाक्य जसंच्या तसं चोरलं. शेजारी एक धिप्पाड तरुण होता. 'रक्त' म्हणताच तो पांढराफटक पडला. "प्लीज, नावसुद्धा काढू नका, मला चक्कर येते," म्हणाला आणि त्याने जे डोळे मिटले ते विमान जमिनीला टेकल्यावरच उघडले. हे सांगितलं तेव्हा ताई एअरपोर्टवर बॅगेला टेकून हसत सुटली.

"अगं, वाक्य काय घेते? आधी माणूस तर पाहायचा ना!"

क्लायंटकडेही तीच तऱ्हा. "पुढच्या वेळी तुम्ही दोघीही या हं," असं म्हणताना तिथली मॅनेजर बघायची ताईकडेच.

तेही मी सहन केलं असतं. पण मग बाबा आले.

आई गेल्यानंतर बाबा पहिल्यांदाच पुण्याहून माझ्याकडे आले होते. मला कामासाठी शिकागोला जायचं होतं. घरी एकटे कसे राहतील म्हणून त्यांनाही बरोबर घेतलं. ताई होतीच. त्यांचं तिकीट ऐनवेळी काढल्यामुळे सीटचा घोळ झाला. बाबा ताईच्या शेजारी बसले आणि मी त्यांच्या मागच्या रांगेत.

माझे बाबा म्हणजे 'हो', 'नाही' आणि 'बघू'. मी लहान असताना ते कामावरून आले की घरात कोणी आवाज करायचा नाही. ते गॅलरीत खुर्ची टाकून पाठमोरे बसायचे. मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकलंय.

दोन सीटांमधल्या फटीतून मला ताई वळलेली दिसली.

"काका, तुम्ही कामावर काय करायचे?"

"टेलिफोनमध्ये होतो."

संपलं, मी मनात म्हटलं. याच्या पुढे कधी कोणी गेलेलं नाही.

"मग दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं ऐकून घरी गेल्यावर बोलावंसं वाटायचं का हो?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. आणि मग बोलायला लागले.

नोकरीच्या सुरुवातीला ते परगावचे ट्रंककॉल जोडून द्यायचे. लाइन नीट लागली का, हे कळायला पहिले दोन शब्द ऐकावेच लागत. "आणि त्या काळी लांबून फोन यायचा तो कशासाठी? कोण गेलं, ते घरच्यांच्या आधी मला कळायचं." मग म्हणाले, "एकदा फोन एका लहान मुलीने उचलला. पलीकडचा माणूस म्हणाला, आईला दे. ती म्हणाली, आई भाजी आणायला गेलीय, मला सांगा ना. तो नुसता रडत राहिला. मी लाइनवरून बाजूला व्हायला पाहिजे होतं. नाही झालो. मीच तिला म्हटलं, बाळ, शेजारच्या काकूंना बोलाव." पुढे म्हणाले, "त्या दिवशी घरी गेलो तर आमची मुलगी दारात उभी. तेवढीच. तिच्याशी काय बोलणार?"

ती दारातली मुलगी मागच्या सीटवर बसून हे ऐकत होती. मला रडू यायला हवं होतं. पण राग आला, आणि तोही ताईचा. माझ्या वाटणीचं काहीतरी तिने येता-जाता उचललं होतं.

हॉटेलवर मी तिला जरा चढ्या आवाजातच विचारलं, "माझ्या बाबांना हे सगळं कसं काय विचारलंस तू?"

"मी कुठे काय विचारलं? तू विचारलं असतं तरी..." ती मध्येच थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, "नाही गं. तुला नसतं सांगितलं त्यांनी. तुझ्यासमोर बाप राहावं लागते ना. माझं काय, मी उतरून जाणार."

परतताना मी हट्टाने बाबांच्या शेजारी बसले. खांद्यांसकट वळले. "बाबा, ते ट्रंककॉलचे दिवस..."

"जुनं झालं ते," बाबा म्हणाले. "नीट बस, मान अवघडेल तुझी."

बाबा पुण्याला परतले. त्यानंतर दर रविवारी फोनवर विचारायचे, "ती नागपूरची काय म्हणते?" मी "मजेत आहे" म्हणून विषय बदलायचे.

पुढे ताईची आई फार थकली आणि ताईने कायमचं परत जायचं ठरवलं. सिॲटलच्या विमानतळावर मीच तिला सोडायला गेले. ती गाडीत नेहमीपेक्षा गप्प होती. मलाही खूप काही बोलायचं होतं, पण मी हायवेवरच्या ट्रॅफिकबद्दल बोलत राहिले.

आत बॅगा देऊन झाल्यावर ती म्हणाली, "नागपूरच्या आधी पुण्याला उतरते. काकांना भेटून जाते." मग माझ्याकडे बघून हसली. "जळून राहिली ना तू?"

"हो," मी म्हटलं. "पहिल्यापासून."

"मला काय माहीत नव्हतं!" तिने मला जवळ घेतलं, पाठीवर एक धपका मारला आणि ती सिक्युरिटीच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

मी दोरीच्या अलीकडे थांबले. वळून बघेल, हात करेल, असं वाटत होतं. पण तिच्या पुढचा एक म्हातारा मागे वळला होता, काहीतरी सांगत होता, आणि ती मान हलवत ऐकत होती. रांग पुढे सरकली तशी दोघंही सरकली. ती दिसेनाशी होईपर्यंत मी त्या म्हाताऱ्याकडेच बघत होते. तेव्हा मला त्याचा जेवढा हेवा वाटला, तेवढा ताईचाही कधी वाटला नव्हता.