मनकर्णाचा विंचू

वडशाजवळच्या मुखरूची बायको मनकर्णा नागपूरच्या इस्पितळात वारली, तेव्हा तो नाल्याच्या पुरानं गावातच अडकला होता. आठ दिवसांनी पोचला, तोवर तिचं प्रेत बेवारस म्हणून डॉक्टरकीच्या पोरांना शिकायला दिलेलं.

पुढं कळलं, त्या पोरांच्या कॉलेजातल्या संग्रहालयात माणसांचे हात बरण्यांत ठेवतात. छप्पन साली मुखरू बघायला गेला. ओळखायची त्याला चिंता नव्हती. मनकर्णाच्या मनगटावर विंचू गोंदलेला होता, आणि तोही असा बेढब की, "इंचू नाई, खेकडा होय हा," म्हणून त्यानं तिला जन्मभर चिडवलं. "मेल्यावर बाईसंगं गोंदणच जाते," ती ठसक्यात ऐकवायची.

पाच बरण्या, पाच हात. विंचू एकावरही नव्हता.

"नाई, इथी माही बाई नाई," मुखरू हसून शिपायाला म्हणाला. "गोंदणच नाई ना कोणाले!"

"गोंदण कुठून दिसन, भाऊ? शिरा दिसाव्या म्हणून सगळ्यायची कातडी सोलली हाय."

मुखरू पुन्हा पहिल्या बरणीपाशी गेला. मग पाचही हातांपुढं एकेकदा थांबून हळूच म्हणाला, "इंचूच होता वं तो."